एकोणीस तसबिरींची भिंत

४ जानेवारी

दादा,

पाकिटावर मी पाठवणाऱ्याचं नाव घातलेलं नाही. अक्षर ओळखून तू पत्र तसंच ठेवून देशील अशी भीती होती, म्हणून पत्ताही कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडून लिहून घेतला. हे वाचतो आहेस त्याअर्थी फसलास. नमस्कार करतो. घ्यायचा की नाही ते तू ठरव.

इथे एका शाळेचं रंगकाम घेतलं आहे. आठ वर्ग, एक जिना आणि मुख्याध्यापकांची खोली. त्या खोलीला कुठला रंग हवा हे मुख्याध्यापकांना अजून ठरवता आलेलं नाही, त्यामुळे मला दुपारी वेळ मिळतो. शाळेसमोर जुनं पोस्ट होतं, तिथे आता गावाचं संग्रहालय आहे. एकच खोली. सांभाळणारे गृहस्थ आधी त्याच पोस्टात होते. नोकरी संपली तरी खिडकी सुटली नाही. मला म्हणाले, "या, या. आज तुम्ही पहिले."

"आणि काल?"

"कालही तुम्हीच पहिले असता, आला असता तर."

आत एक न्हाव्याची खुर्ची आहे, गावातला पहिला रेडिओ आहे, आणि एका लांब काचपेटीत एकशे बारा चाव्या. गावची विहीर उपसली तेव्हा गाळात सापडलेल्या. प्रत्येक चावीला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली आहे आणि प्रत्येक चिठ्ठीवर एकच मजकूर: "कुलूप माहीत नाही." मी म्हटलं, अहो, सगळ्यांना मिळून एकच पाटी लावली असती तर? ते म्हणाले, "तसं कसं? प्रत्येकीचं वेगळं माहीत नाही."

मला हसू आलं, आणि मग आलं नाही.

हे माझं चौतिसावं संग्रहालय. तू म्हणायचास की मला देवळाची भिंत आणि दुकानाची भिंत सारखीच दिसते, रंग किती लागेल एवढंच मी बघतो. खरं होतं ते. पण तू निघून गेल्यावर महिन्याभरात मी एका गावी कामाला होतो, तिथे असंच एक संग्रहालय होतं, आणि मी आत गेलो. ज्या गोष्टीत आपण घोळ घातला ती गोष्ट असते तरी काय, ते बघायला. तेव्हापासून जिथे काम तिथे जातो. जाऊन एकच करतो. चित्राखालचं नाव वाचतो आणि वर चेहरा बघतो, जुळतात का म्हणून. का ते तुला माहीत आहे. निम्मं तरी.

पत्ता वहिनीने दिला. तिला बोलू नकोस.

धाकटा


१९ जानेवारी

दादा,

उत्तर आलं नाही, पण पत्र परतही आलं नाही. पोस्टवाले गृहस्थ म्हणाले, हे चांगलं लक्षण आहे.

शाळा संपली. आता शेजारच्या गावात दवाखाना. इथे एका चित्रकाराचं घर आहे, तेच त्याचं संग्रहालय. शाळेत चित्रकला शिकवायचा. चाळीस वर्षं त्याने घराच्या खिडकीतून दिसणारी एकच गल्ली रंगवली. तीन खोल्यांत बासष्ट चित्रं, सगळी त्याच गल्लीची. त्याची मुलगी दाखवते. "हे दार निळं झालं ते त्या वर्षी. इथे झाड होतं. इथून पुढे नाही." मी खिडकीतून बाहेर बघितलं. गल्ली आहे तशीच आहे, पण आता मला ती आधी दिसली नव्हती इतकी दिसायला लागली.

मी तिला म्हटलं, "भिंत फार पांढरी झाली आहे. भिंतच बोलते, चित्रांना बोलू देत नाही."

"मग तुम्हीच द्या ना रंगवून."

"मी संग्रहालयांची कामं घेत नाही."

"का हो?"

"एकदा घेतलं होतं."

तिने पुढे विचारलं नाही. चांगल्या घरची आहे.

आता एक सांगतो. गेल्या वर्षी मी तुझ्या आताच्या संग्रहालयातही येऊन गेलो. तू जेवायला गेला होतास. तिकिटाच्या बाईंना मी सांगितलं, सहज आलोय. तासभर फिरलो. नांगर, जुनी वजनं, नाटक मंडळीचे मुकुट, सगळं बघितलं. पण खरं म्हणजे तुझ्या पाट्या वाचत होतो. इतक्या पाट्यांवर तू "अंदाजे" लिहिलं आहेस! अंदाजे इतकी वर्षं जुना, अंदाजे अमक्याच्या घरातला. पूर्वी तू असा नव्हतास. पूर्वी तुझ्या पाटीवर नुसतं नाव असायचं, ठोकून बसवल्यासारखं. मला वाटलं, माणूस थकला की काय. मग जिन्यात तुझा खोकला ऐकू आला आणि मी मागच्या दाराने निघालो. निघालो कसला, पळालो.

धाकटा


२ फेब्रुवारी

दादा,

आडवळणं पुरे झाली. आता घाई आहे.

आपल्या जुन्या संग्रहालयातली वरची लांब खोली पुन्हा रंगवायला काढली आहे. काम ज्याला मिळालं तो माझ्या ओळखीचा. मशीन लावून भिंत पार गिलाव्यापर्यंत घासणार आहे. बारा तारखेला सुरुवात. त्या भिंतीवर काय आहे ते फक्त मला माहीत आहे.

तुला माहीत असलेलंही लिहितो, कारण मला हे एकदा सलग लिहायचं आहे.

नऊ वर्षांपूर्वी वहिनीचं ऑपरेशन होतं, तू तीन दिवस तिच्याजवळ होतास. खोली रंगवायचं काम तू मला दिलंस आणि "भावाला दिलं" म्हणून समितीची बोलणी खाल्लीस. जाताना बजावलंस, चौकटींना आणि पाट्यांना खडूचासुद्धा ठिपका लागता कामा नये. गावच्या मोठ्या माणसांच्या एकोणीस तसबिरी. मी डोकं चालवलं. प्रत्येक तसबीर उतरवली की तिच्या मागच्या भिंतीवर पेन्सिलने दोन ओळी लिहिल्या. वर चेहऱ्याची खूण, खाली पाटीवरचं नाव. शाळेत शुद्धलेखन लिहायचो तसं, नीट. तसबिरी शेजारच्या खोलीत, पाट्या डब्यात. सगळं कसं व्यवस्थित.

आणि मग दादा, मी भिंत रंगवली.

आमचा हात चालू झाला की डोकं घरी जातं. एक हात मारला, वाळला, दुसरा मारला. दुसरा वाळत असताना चहाचा कप तोंडाला लावला आणि लक्षात आलं. रंगाऱ्याने स्वतःच्या खुणा स्वतःच्याच रंगाखाली गाडायच्या, असा अडाणीपणा दुसऱ्या कुणाला जमला नसता.

तेव्हाच तुला सांगितलं असतं तर तू चार शिव्या घातल्या असत्यास आणि विषय संपला असता. मी आठवून आठवून लावल्या. आठच दिवसांनी गणिताच्या बाई आल्या. पहिल्या मुख्याध्यापकांची मुलगी, स्वतःही शिक्षिका. वडिलांच्या नावावर भलताच चेहरा बघून त्यांनी समितीपुढे जे केलं ते केलं. तू घरी आलास. मला देवापुढे उभं केलंस आणि विचारलंस, "तसबिरी जागच्या जागी लावल्या होत्यास?"

मी म्हणालो, "हो दादा. देवाशपथ."

समितीला तू सांगितलंस, माझा भाऊ देवाची खोटी शपथ घेणार नाही. ते म्हणाले, मग तुमच्या पाट्या चुकल्या. तुझी बदली झाली. जाण्याच्या दिवशी चावी द्यायला आपण वर गेलो तेव्हा तू डॉक्टरांच्या तसबिरीपुढे थांबलास. गळ्यात तपासायच्या नळ्या आणि खाली नाव वाचनालयाच्या संस्थापकांचं. तू माझ्याकडे बघितलंस. जिन्यात एवढंच म्हणालास, "चूक केलीस ते चालतं रे. देवाला मध्ये घातलंस." ते आपलं शेवटचं बोलणं.

तेव्हापासून रोज हात जोडतो, पण नाव घ्यायच्या आधी ते वाक्य येतं.

त्या भिंतीवर खाली जुना ऑइलपेंट आहे, वर माझा डिस्टेंपर. कोमट पाण्याने धुतलं की डिस्टेंपर निघून येतो, खालची पेन्सिल राहते. हे मला नऊ वर्षं माहीत आहे. धुतलं असतं तर नावं चेहऱ्यांना परत मिळाली असती आणि माझी शपथ उघडी पडली असती. म्हणून धुतलं नाही. उद्या समितीकडे जाऊन सगळं सांगणार आहे आणि मशीन यायच्या आधी दोन दिवस मागणार आहे. हे पत्र आधी टाकतो, तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून.

धाकटा


९ फेब्रुवारी

दादा,

सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "नऊ वर्षांनी? अहो, लवकर आलात." मी मान खाली घालून उभा. पण तुझ्या जागी आता एक तरुण बाई आहेत, त्या एकदम खुर्चीवरून उठल्या. "म्हणजे यादी भिंतीतच आहे?" मला वाटलं होतं रागावतील. त्यांचा चेहरा असा झाला जसा कुणाला हरवलेली वस्तू स्वतःच्याच पिशवीत सापडावी.

आज सकाळपासून धुतो आहे. बादली, स्पंज आणि मी. मशीनवाला पालथ्या डब्यावर बसून बघत होता. पहिल्या जागी पाणी लावलं, पांढरे ओघळ खाली गेले आणि माझं अक्षर वर आलं. काय लिहिलं होतं मी विसरलोच होतो. "टक्कल. मान वाकडी." पुढच्या जागी, "हसू दाबलंय." त्याच्या पुढे, "पोट दुखत असावं." हे वाचनालयाचे संस्थापक. मशीनवाला डब्यावरून पडायचाच बाकी. बाई मात्र गंभीरपणे वहीत उतरवत होत्या: जागा क्रमांक सात, पोट दुखत असावं.

दुपारी त्यांनी गणिताच्या बाईंना बोलावून घेतलं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत, काठी घेऊन जिना चढल्या. मी पुढे जाऊन सांगितलं की तसबिरी हलवणारा मी. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुम्ही? मला वाटलं होतं कोणी मोठा माणूस असेल."

तसबिरी खाली भिंतीशी टेकवून ठेवल्या होत्या. पूर्वी त्या वर, उजेडाच्या विरुद्ध टांगलेल्या. आता बाईंच्या कमरेइतक्या. त्या एकेकीसमोरून चालल्या आणि खिडकीजवळच्या कोपऱ्यात थांबल्या. "हे काय, हे इथे आहेत." मग तिथेच उभ्या राहिल्या, काठी माझ्या हातात देऊन. वर भिंतीवर नुकतंच उघडं झालेलं माझं अक्षर: "जाड भुवया. रागावलेला."

"हे कोणी लिहिलं?"

"मी, बाई. चुकलं."

"चुकलं काय? असेच दिसायचे. वह्या तपासताना आम्हीसुद्धा जवळ जायचो नाही. मनात मात्र काही नसायचं हो." आणि हसल्या. दादा, त्या हसल्या. नऊ वर्षं मी त्या बाईंना रस्त्यात बघून गल्ली बदलत होतो.

अजून निम्म्या भिंतीच्या खालच्या ओळी धुवायच्या आहेत.

धाकटा


१० फेब्रुवारी, सकाळी

दादा,

कालचं पत्र अजून टाकलेलं नाही. पेटीपर्यंत दोनदा जाऊन आलो. त्यात एक गोष्ट लिहिली नव्हती. दोन्ही पत्रं एकाच पाकिटात घालतो आहे.

सगळे चहाला गेल्यावर मी त्या कोपऱ्यातली खालची ओळ धुतली. "जाड भुवया. रागावलेला." याच्या खाली मी लिहिलं होतं, "पाटी: गिरणीचे मालक." पुन्हा वाचलं. मग मुख्याध्यापकांच्या पाटीच्या जागी गेलो, तिथली धुतली. "गोल चेहरा, मऊ. पाटी: पहिले मुख्याध्यापक."

म्हणजे गणिताच्या बाई आल्या तेव्हा त्यांच्या वडिलांच्या नावावर जो चेहरा होता, तो माझ्या आधीपासून तिथेच होता. त्या दोन जागी मी काही हलवलं नव्हतं. मी चुकवल्या त्या चार, डॉक्टर धरून. ज्या दोघांवरून तुझी जागा गेली ते दोघे भिंतीवर बरोबर होते आणि पाट्यांत उलटे. आणि पाट्या तू केल्या होत्यास.

खोलीत कोणी नव्हतं. स्पंज ओला होता. ऑइलपेंटवरची पेन्सिल, जरा जोर लावून घासली असती तर ती ओळ गेली असती. सगळं माझ्यावर आलं असतं, आणि ते मला पेललं असतं. मी त्याची तयारी करूनच गावात आलो होतो. तू नऊ वर्षं माझ्यामुळे भोगलंस असं समजून जगलास. ते तसंच राहिलं तर तुझं काय बिघडतं, असंही मनात आलं.

पण एकदा तुझ्याशी खोटं बोललो ते स्वतःला वाचवायला. आता तुला वाचवायला बोलू? देवाला दोन्ही सारखंच ऐकू जातं. आणि मला वाटतं तुलाही.

ओळ मी पुसलेली नाही. आज दुपारी संग्रहालयाच्या बाई ती वहीत उतरवतील. तुला आधी कळावं म्हणून लिहिलं. या पत्रानंतर तू पुन्हा कधी बोलला नाहीस तरी मी समजेन.

माझी शपथ खोटी होती ती खोटीच. त्यात यामुळे काही कमी होत नाही.

धाकटा


२१ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र आलं. मी शिडीवर होतो, मशीनवाल्याने खालून हाक मारली, "अहो, तुमचं टपाल." वाचून मी पालथ्या डब्यावर बसलो. तो घाबरला. "कोण गेलं?"

"कोणी नाही. उलट."

तुझं पत्र तुलाच परत लिहून दाखवणं वेड्यासारखं आहे, पण मला ते माझ्या अक्षरात बघायचं आहे:

"धाकट्या, ज्या जुन्या यादीवरून मी पाट्या केल्या, तिच्यातली दोन नावं पाण्याने फुटली होती. शेवटी दोन नावं उरली आणि दोन चेहरे. एक कडक, एक मवाळ. कडक तो मालक, मवाळ तो मास्तर, असं मी धरलं. 'अंदाजे' लिहायची लाज वाटली. बाई आल्या तेव्हा वाटलं, तू हलवल्या असशील तर मी सुटलो. म्हणून तुला देवापुढे उभं केलं. खरं ऐकायला नाही, सुटायला. तू जागच्या जागी लावल्या म्हणालास. मग मीच चुकलो असं समजून बदली घेतली. आणि शेवटच्या दिवशी डॉक्टर दिसले. म्हणजे तू खोटं बोलला होतास. त्यानंतर मला कळेनाच की चूक तुझी की माझी. रागवायला तू जवळचा पडलास. आता कळलं, माझी. खरं सांगतो, पत्र वाचून मी दोन घास जास्त जेवलो. वहिनीला विचार. रविवारी येतो. मी येईपर्यंत तसबिरी टांगू नकोस. एकट्याने तर मुळीच नकोस."

टांगत नाही.

धाकटा


२६ फेब्रुवारी

दादा,

पोचलास ना? बस वेळेवर सुटली, पण तिचा आवाज मला बरा वाटला नाही.

काल मी वहिनीला द्यायचा निरोप मनात जुळवून ठेवला होता, तुला सांगायचं त्याहून जास्त. तू जिना चढून आलास. सगळे केस पांढरे. मी पाया पडायला वाकलो तर म्हणालास, "आधी हात धू, रंगाचे आहेत." झालं, जुळवलेलं सगळं गेलं.

मग दोन तास आपण किती बोललो, मी नंतर मोजलं. मी शिडीच्या घोड्यावर उभा, तू खाली मागे सरकून. "वर." "जरा खाली." "डावीकडे." "बस." एकोणीस वेळा हेच. संग्रहालयाच्या बाई पाट्या देत होत्या, तू प्रत्येक पाटी दोनदा वाचत होतास, एकदा ओठांनी आणि एकदा बोटाने. मुख्याध्यापक लागले तेव्हा गणिताच्या बाईंना तू काय सांगितलंस ते मला वरून ऐकू आलं नाही. त्यांचं तेवढं ऐकू आलं. "अहो, त्यात काय? मवाळ माणूस मास्तर असतो असं वाटणं म्हणजे तुम्ही शाळेत चांगले मास्तर बघितले." तू चष्मा काढून पुसत बसलास. नऊ वर्षांत मला माहीत नसलेल्या सवयी लागल्या आहेत तुला.

स्टँडवर मी पुन्हा शपथेचं काढलं. मला राहवेना. तू विचारलंस, "त्याला सांगितलंस?"

"रोज सांगतो. नऊ वर्षं."

"मग त्याचं ऐकून झालं असेल. त्याला दुसरीही कामं आहेत. मला आता ते लिहू नकोस."

"मग काय लिहू?"

तू बसच्या पायरीवर चढलास आणि वळून म्हणालास, "माझ्या मागच्या खोलीला ओल आली आहे. तिथे जुनी कागदपत्रं आहेत. काय करू ते लिही."

तर लिहितो. ओल खालून चढते की वरून उतरते ते आधी बघ. सकाळी भिंतीवर उघडा तळहात ठेव, जमिनीजवळ, मग छातीच्या उंचीवर, मग हात जाईल तिथे. कुठे गार लागतं ते कागदावर लिही, भिंतीवर नको. रंग कोणी सुचवला तरी लावू नकोस, रंगाने ओल दिसत नाही एवढंच होतं. खिडकी दिवसभर उघडी ठेव. कपाटं भिंतीपासून हातभर पुढे ओढून घे, आणि खालच्या खणातले कागद वर. बाकीचं मी बघतो. शनिवारी सकाळच्या गाडीने येतो, चार दिवस राहीन. वहिनीला सांग, माझं अंथरूण त्याच खोलीत घालू नको म्हणावं.

धाकटा